पहिली लाल ओळ

आमचा वाईचा वाडा २००९ साली पाडला. त्या जागी आता चार मजली इमारत आहे. वाड्याचे फोटो जेमतेम सहा, तेही लग्नकार्यातले, त्यामुळे त्यांत माणसे भरपूर आणि भिंती थोड्या. माजघरात उतरायला किती पायऱ्या, माडीवर जाताना डोके कुठल्या तुळईला आपटते, हे फक्त आईच्या आणि माझ्या डोक्यात उरले होते. ते कुठेतरी बांधून ठेवावे असे वाटायचे. आणि मला बांधकाम येते ते एकाच ठिकाणी, क्वेकमध्ये.

२२ जून १९९६ ला बाहेर पडलेला हा खेळ आमच्या पिढीने कॉम्प्युटर क्लासमध्ये, सरांची पाठ वळली की खेळला. त्याचे नवे नकाशे कोणालाही रचता येतात. त्यासाठी ट्रेंचब्रूम नावाचा फुकट आणि मुक्त संपादक आहे (थॉम्पसन बंदुकीचे टोपणनावही हेच, खंदक झाडणारा झाडू). भिंत म्हणजे एक ठोकळा, जिना म्हणजे दहा ठोकळे, अशी सरळ गवंडीकामाची रीत.

माझ्या लॅपटॉपवर डेबियन ११ होते आणि मेमरी ४ जीबी. संपादकाची तयार फाइल उतरवली, तर तिला माझ्याकडच्या २.३१ पेक्षा नवी जीलिबसी (लिनक्सची पायाभूत लायब्ररी) हवी होती. म्हटले, सोर्स कोड तर उघडाच आहे, घरीच कंपाइल करू, एका दुपारचे काम. मी शाळेत गणित शिकवतो, बारा वर्षे लिनक्स वापरतो, एवढे जमायला काय हरकत आहे? त्या दुपारच्या कामाला अकरा संध्याकाळी लागल्या. वहीत टिपत गेलो ते इथे देतो.

१. वाचायची ती पहिली चूक, शेवटची नव्हे.

टर्मिनल थांबले की डोळा आपोआप तळाच्या ओळीवर जातो. तिथे लिहिलेले असते, ‘निंजा: बिल्ड स्टॉप्ड: सबकमांड फेल्ड’. मी दोन संध्याकाळी ही ओळ घेऊन इंटरनेटवर हिंडलो. डॉक्टरांपुढे बसून ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगायचे आणि औषध मागायचे, तसा प्रकार. त्या ओळीत आजार नसतोच, नुसते पेशंट झोपल्याची बातमी असते.

तिसऱ्या दिवशी पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन लावला. पडदा दाखवला. तो म्हणाला, “मामा, तू पेपर शेवटच्या पानापासून वाचतोस ना, तसं हे वाचू नकोस. वर जा. अजून वर. पहिली लाल ओळ आली की थांब.” दोनशेबावीस चुका होत्या. पहिली होती, एक हेडर फाइल सापडली नाही. उरलेल्या दोनशेएकवीस त्या एकीच्या पोटच्या. सी प्लस प्लस भाषेत हे फार होते. एका प्रकाराची ओळख हुकली की तो प्रकार जिथे जिथे वापरला आहे तिथे तिथे कंपाइलर नव्याने किंचाळतो, आणि टेम्प्लेट असतील तर प्रत्येक किंकाळी पानभर लांब.

त्यात आणखी एक गोम आहे. एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल होत असतात, त्यामुळे त्यांची ओरड एकमेकांत मिसळते आणि ‘पहिली’ म्हणजे कुठली हेच कळत नाही. अशा वेळी मी आता एकाच कामाची मुभा देऊन पुन्हा चालवतो आणि सगळे आउटपुट एका फाइलीत पाडून घेतो. मग त्या फाइलीत ‘एरर’ आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबे एवढे शोधायचे. वॉर्निंग शंभर असोत, त्या दिवशी त्यांच्याकडे बघायचे नाही.

२. ‘सापडत नाही’ हे तीन वेगळे आजार आहेत.

हे मला सगळ्यात उशिरा कळले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लग्नाच्या भाषेत सांगतो. हेडर फाइल म्हणजे पत्रिका. अमुक नावाचे फंक्शन आहे, त्याला काय द्यायचे आणि ते काय परत देते, एवढेच तिच्यात असते. लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष माणूस.

कंपाइल होताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आले, तर पत्रिकाच आलेली नाही. माझे डोके इथे फिरले, कारण जिची हेडर हवी होती ती फ्रीटाइप लायब्ररी तर यंत्रावर होतीच, सगळे फाँट तिच्यावरच चालतात. पण डेबियन आणि उबुंटूमध्ये लायब्ररी एका पॅकेजात असते आणि तिची हेडर दुसऱ्या, ‘डेव्ह’ शेपटीच्या पॅकेजात. फेडोरात ती शेपटी ‘डेव्हेल’ होते. आर्चमध्ये दोन्ही सहसा एकत्रच येतात, म्हणून आर्चवाल्याने लिहिलेली कृती डेबियनवर जशीच्या तशी चालत नाही. कुठली हेडर कुठल्या पॅकेजात आहे हे सांगणारा एपीटी-फाइल नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो आधीच माहीत असता तर माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

सगळे कंपाइल होऊन अगदी शेवटी, लिंकरच्या पायरीवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आले, तर पत्रिकेत नाव आहे पण माणूस मांडवात नाही. लायब्ररी नाही, किंवा आहे ती भलत्याच आवृत्तीची. इथे हेडरची पॅकेजे टाकत बसण्यात अर्थ नसतो. मी बसलो होतो.

आणि सगळे बांधून झाल्यावर, प्रोग्राम सुरू करताना ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ आले, तर माणूस काल होता, आज परगावी गेला. एलडीडी हा प्रोग्राम लावला की कोण हजर आणि कोण गैरहजर याचा हजेरीपट मिळतो.

३. बांधणीची सूचना पूर्ण वाचावी, कंटाळवाणी ओळसुद्धा.

पॅकेजांच्या यादीत ‘पॅनडॉक’ असे एक नाव होते. ते तर कागदपत्रे एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारे साधन, नकाशाच्या संपादकाला ते कशाला हवे, म्हणून मी वगळले. बांधणीची आखणी करणारा सीमेक तिथेच अडला. संपादकाची मदतपुस्तिका बांधणीच्या वेळीच तयार होते आणि ती पॅनडॉक तयार करतो. मी हट्टाने ते कलमच कोडातून कापले, मग ज्या कलमाला पुस्तिका हवी होती ते रुसले, मग तेही कापले. तासाभराने मुकाट्याने पॅनडॉक टाकला. दोन मिनिटे लागली. (पॅनडॉक ज्यांनी लिहिला ते जॉन मॅकफार्लेन बर्कलेला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. बंदुकीच्या खेळात तत्त्वज्ञानाने अडवावे, हे मला अजून आवडते.)

४. सोर्स गिटनेच घ्यावा.

झिप लहान, गिटने सगळा इतिहास येतो, म्हणून मी झिप उतरवली. आत काही फोल्डर होते आणि ते रिकामे. प्रकल्प ज्या परक्या लायब्ररी सोबत बाळगतो त्या सबमॉड्यूल म्हणून जोडलेल्या असतात, आणि आपोआप तयार होणाऱ्या झिपमध्ये त्या येत नाहीत. शिवाय बांधणीच्या वेळी आवृत्तीचा क्रमांक गिटलाच विचारला जातो, आणि झिपमध्ये गिटचा इतिहास नसतो. क्लोन करताना ‘रिकर्सिव्ह’ म्हणावे. विसरलात तर सबमॉड्यूल नंतरही भरून घेता येतात.

५. परके कोड बघण्याआधी आपले जुने उद्योग तपासावेत.

सहाव्या संध्याकाळी गाडी लिंकरपर्यंत आली आणि फ्रीटाइपच्या एका फंक्शनवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून बसली. डेव्ह पॅकेज होते, आवृत्ती बरोबर होती. मी ट्रेंचब्रूमच्या कोडात घुसलो, सीमेकच्या फाइली चाळल्या, आणि हा दोष तिकडच्यांचाच अशी खात्री करून तक्रार लिहायला घेतली. तक्रारीत आपल्या यंत्राचा तपशील द्यावा लागतो. तो गोळा करताना दिसले की लायब्ररीचा पत्ता ‘युएसआर’खालच्या ‘लोकल’मधला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या एमुलेटरसाठी मी फ्रीटाइपची जुनाट आवृत्ती हाताने बांधून, सुडो लावून तिथे बसवली होती. एमुलेटर आठवडाभर वापरला. फ्रीटाइप तिथेच राहिली. कंपाइलर आणि सीमेक दोघेही ‘लोकल’मध्ये आधी पाहतात, कारण हाताने बसवलेले ते मुद्दाम बसवलेले, असा त्यांचा समज. समज योग्यच आहे. पाहुणा कोण होता हे यजमानच विसरला, त्याला ते काय करणार?

ती काढली. पुन्हा चालवले. पुन्हा तीच चूक! आता सीमेक मला वेडा करायला निघाला आहे असे वाटले. पण एकदा सापडलेला पत्ता सीमेक आपल्या कॅश फाइलीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच वाचतो. म्हणून बांधणी नेहमी सोर्सच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरात करावी. मग संशय आला की तो अख्खा फोल्डर उडवता येतो, आणि सोर्सला धक्का लागत नाही. काही बदलल्यावरही चूक अक्षरशः तीच राहिली, तर मी आता विचार करण्याआधी फोल्डर उडवतो.

अर्धी लिहिलेली ती तक्रार अजून माझ्या ड्राफ्टमध्ये आहे. अकरा संध्याकाळींचा हिशेब मांडला तर ट्रेंचब्रूमच्या कोडातली चूक एकही निघाली नाही. जे अडले ते माझ्याच यंत्रावर साचलेल्या गोष्टींनी.

६. चार जीबीत सहा गवंडी मावत नाहीत.

बांधणी ६० टक्क्यांच्या आसपास गेली की लॅपटॉप गोठायचा. माउससुद्धा हलायचा नाही. मग ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसीवनप्लस’. कोडात चूक असेल म्हणून मी ती फाइल उघडून वाचली. ती निर्दोष होती. मेमरी संपली की कर्नल सगळ्यात जास्त खाणाऱ्याला मारतो, आणि तेव्हा तो कंपाइलर होता. कर्नलच्या नोंदींत, डीएमइएसजी लावून पाहिले, तर तसे स्पष्ट लिहिलेले होते.

बांधणीची कामे चालवणाऱ्या निंजाला काही सांगितले नाही तर तो प्रोसेसरच्या संख्येपेक्षा दोन जास्त कामे एकदम सुरू करतो. माझ्याकडे चार, म्हणून सहा. एकेक काम पाव ते एक जीबी खाणारे. ‘जे’ पुढे २ लिहिले, ४ जीबीची स्वॅप फाइल केली, ब्राउझर बंद केला. रात्री साडेनऊला लावले आणि जेवायला गेलो.

७. वीज गेली तर शून्य आकाराच्या फाइली शोधाव्यात.

जेवताना वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेलेली. सकाळी पुन्हा लावले. जे झाले ते सोडून निंजा पुढे निघाला, मला बरे वाटले. शेवटी लिंकर म्हणाला, एक ऑब्जेक्ट फाइल ओळखू येत नाही. ती फाइल होती, नाव होते, वेळेचा शिक्का ताजा होता आणि आत काही नव्हते, शून्य बाइट. वीज गेली तेव्हा आतला मजकूर डिस्कवर उतरायचा राहिला होता. निंजाने शिक्का पाहून काम झाले असे धरले. फाइंड लावून बांधणीच्या फोल्डरातल्या शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली शोधल्या, तीन निघाल्या. पुसल्या, त्या तेवढ्याच पुन्हा झाल्या. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे ज्ञान उपयोगी पडते.

८. यंत्र फार जुने असले तरी अडते, फार नवे असले तरी अडते.

ट्रेंचब्रूमचे ते बांधकाम एक जुनी आवृत्ती घेऊन पार पडले, कारण नव्या आवृत्तीला डेबियन ११ मधला सीमेक ३.१८ पुरेना. जुन्यावर भागवायची सवय आपल्याला आहेच. पण नकाशा रचून झाला तरी खेळात येत नाही. तो साधा मजकूर असतो आणि तीन प्रोग्रामांतून जावा लागतो. क्यूबीएसपी ठोकळ्यांचे विभाजन करतो, व्हिस कुठून काय दिसते ते मोजतो आणि लाइट उजेड पाडतो. हे तिन्ही ईरिकडब्ल्यू-टूल्स या संचात मिळतात. तेही घरीच बांधायचे म्हटल्यावर मी कंटाळून उबुंटू २४.०४ टाकले. (उबुंटूवर संपादकाची तयार फाइल मुकाट चालली असती, हे मला तेव्हाच कळले होते. पण तोवर मी इरेला पेटलो होतो.)

आता त्रास उलटा. माझ्याकडे या साधनांचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा सोर्स होता आणि कंपाइलर आला जीसीसी १३. ‘युइंट३२’ नावाचा साधा पूर्णांक त्याला ओळखता येईना. कारण असे की पूर्वीच्या जीसीसीत काही हेडर आतून दुसरे हेडर ओढून आणत, त्यामुळे ते मागितले नसले तरी मिळे. १३ मध्ये ही उधारी आटली. ज्या फाइलीत चूक आली तिच्या माथ्यावर ‘सीएसटीडींट’ हे हेडर मागणारी एक ओळ घातली, काम झाले. पुढे टीबीबी ही लायब्ररी अडली. ‘टीबीबी_एसटीडीडेफ’ हे हेडर पाहून आवृत्ती ठरवणारे जुने सीमेक कोड होते, आणि नव्या वनटीबीबीत ते हेडरच नाही. मग एम्ब्री ही आणखी एक लायब्ररी. तिच्या हेडरच्या फोल्डरच्या नावातच आवृत्ती असते, एम्ब्री३ चे एम्ब्री४ झाले की जुना कोड दाराशी उभा.

तीन ठिकाणी मी हाताने ठिगळे लावली आणि स्वतःवर खूश झालो. मग भाच्याने विचारले, “मामा, नवीन शाखेत बघितलंस का?” तिथे ही दुरुस्ती कधीच झाली होती. आता आधी प्रकल्पाच्या नंतरच्या नोंदी पाहतो, ठिगळ मागाहून.

९. बांधून झाले म्हणजे चालले, असे नाही.

ट्रेंचब्रूम नव्या उबुंटूवर पुन्हा बांधला. खिडकी उघडली आणि जिथे नकाशा दिसायचा तिथे काळोख. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून कंपाइल करायला निघालो होतो. पण उबुंटूचा डेस्कटॉप आता वेलँड या खिडक्या दाखवणाऱ्या नव्या पद्धतीवर चालतो, आणि चित्र काढायला वापरलेली ओपनजीएलची जोडलायब्ररी जुन्या एक्सची अपेक्षा करत होती. संपादकाच्या खिडक्या काढणाऱ्या क्यूटी लायब्ररीला ‘एक्ससीबी वापर’ असे एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगितले, उजेड पडला.

मग खेळच उठेना. इंजिन म्हणून क्वेकस्पाझम घेतले होते आणि ते ‘जीएफएक्स डॉट वॅड’ मिळत नाही म्हणत होते. क्वेकच्या इंजिनाचा सोर्स २१ डिसेंबर १९९९ ला जीपीएलखाली खुला झाला, पण चित्रे, आवाज आणि मूळ नकाशे मुक्त नाहीत, ते विकतच्या प्रतीतून घ्यावे लागतात. माझी प्रत विकतची होती, हे सगळे जिच्यात असते ती पॅक फाइल जागेवर होती, आकारही बरोबर. फक्त नाव मोठ्या रोमन अक्षरांत होते, विंडोजच्या पद्धतीने. लिनक्सला मोठे पी आणि छोटे पी ही दोन वेगळी माणसे. फोल्डर आणि फाइल, दोन्हींची नावे छोट्या अक्षरांत केली. या एका गोष्टीला पूर्ण संध्याकाळ गेली, आणि ती चूक इतकी बाळबोध होती की भाच्याला अजून सांगितलेली नाही.

१०. व्हॉट्सॲपवरून मेकफाइल चिकटवू नये.

क्यूबीएसपी, व्हिस आणि लाइट हे तिन्ही प्रोग्राम एका दमात चालवायला व्हॉट्सॲपवरून चिकटवून छोटी मेकफाइल केली. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिले, आणि आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा ही त्याची अट आजपर्यंत टिकली आहे. व्हॉट्सॲपमधून येताना टॅबच्या स्पेस झाल्या, मेक म्हणाला ‘मिसिंग सेपरेटर’. शिवाय माझ्या फोल्डरचे नाव ‘वाईचा वाडा’. मधल्या जागेवर मेक नाव तोडतो आणि ‘वाईचा’ नावाची फाइल शोधतो. आता नाव ‘वाडा’ आहे.

आणि वाडा उभा राहिला. ओसरी, माजघर, माडी, डोके आपटणारी तुळईसुद्धा. आईला दाखवला तर ती म्हणाली, “देवघर उजवीकडे होतं रे.” ते हलवले. चालवले, तर क्यूबीएसपी म्हणाला, ‘लीक’. क्वेकमध्ये नकाशा चहूबाजूंनी बंद हवा, बाहेरच्या पोकळीला एक फटसुद्धा दिसता कामा नये, आणि आमचा चौक तर आभाळाला उघडा! त्यावर उपाय म्हणजे चौकाच्या वर एक जाड ठोकळा ठेवायचा आणि त्याला आभाळाचे चित्र लावायचे. खेळात ते आभाळच दिसते. तसे केले. तरी अजून एक गळती आहे. क्यूबीएसपी गळतीच्या वाटेचे बिंदू एका फाइलीत लिहून देतो, ती संपादकात उघडली की लाल रेघ दिसते. माझी रेघ ओसरीतून निघून माजघर ओलांडते आणि परसदारापाशी बाहेर पडते. तिथे भिंत आणि उंबरा यांत एका एककाची फट आहे. परसदार नेमके कुठे होते, हे उद्या आईला विचारायचे आहे.